बिनमाइकची बैठक: मिरजेतल्या एका पेटीवाल्याच्या प्रकल्प नोंदी

8 जून 2024

ठरलं एकदाचं. ताई गाणार, अण्णा तबल्यावर, मी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, आणि ताईंच्या दोन शिष्या तानपुऱ्यांवर. दर महिन्याला एक बैठक, कुणाच्या तरी घरात, तीस-पस्तीस माणसांपुढे. माइक नाही, स्पीकर नाही, व्यासपीठ नाही. सुरुवात मिरज-सांगलीत, पुढे जमेल तसं तासगावकडे.

माझं कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कामाच्या गडबडीत ते हरवणार नाही. मोठ्या कार्यक्रमात मला श्रोता ऐकू येत नाही. डोळ्यांवर दिवे, दिव्यांमागे काळोख, कानाशी मॉनिटर, आणि मॉनिटरमधून माझीच पेटी माझ्याकडे परत. टाळ्या तेवढ्या पोचतात. पण टाळी सगळं झाल्यावर मिळते. गायिका निषादावर रेंगाळते, षड्ज अजून लागायचा असतो, आणि समोरच्याने श्वास धरलेला असतो. मला तो धरलेला श्वास हवा. साथ करायला मी त्यावरच शिकलो. श्रोत्यांना आम्ही ऐकू यावं म्हणून सगळी यंत्रणा उभी केली जाते. आम्हाला श्रोता ऐकू यावा म्हणून कुणी काही करत नाही. हा प्रकल्प त्या दुसऱ्या बाजूसाठी.

माइकशी वैर नाही, हेही नोंदवतो. माइक आला म्हणून बारीक, हळुवार गळ्यांनाही हजारो लोकांपुढे गाता आलं. त्याआधी नाटकातल्या नटाला पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकावाच लागायचा, आणि ज्याचा गळा तसा नव्हता तो मागे पडायचा. माइकने पुष्कळ दिलं. त्याच्याबरोबर जे गेलं, ते थोडं परत आणता येतं का ते बघायचं आहे.

16 जून

जागा बघत दिवस गेला. ब्राह्मणपुरीतला एक जुना वाडा, सांगलीत गावभागातलं एक घर, आणि विश्रामबागेतला एका डॉक्टरांचा हॉल.

खोलीत शिरायचं, मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि गप्प राहायचं. डॉक्टरांच्या हॉलमध्ये टाळी भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत राहिली. गुळगुळीत फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या, उंच छत. तिथे द्रुत, म्हणजे जलद, तान घेतली तर एका सुरावर दुसरा चढणार. जाड पडदे लावून, सतरंज्या अंथरून थोडा फरक पडेल, पण पहिली बैठक तिथे नको. वाड्याचं माजघर मात्र टाळी ऐकून घेतं आणि लगेच शांत होतं. लाकडी तुळया, मातीच्या जाड भिंती, कोनाडे, एका बाजूला गाद्यांची चळत. ताईंनी उभ्या उभ्या खर्ज लावून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की इथे गळा ताणावा लागणार नाही.

ग्वाल्हेर घराण्याचे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच मिरजेत शिकवत होते आणि विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच त्यांच्याकडे शिकले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजली ती अशाच माजघरांतून आणि देवळांच्या सभामंडपांतून. त्या गायकीतला खुला आवाज, शब्दांचा स्पष्ट उच्चार, यामागे या खोल्यांचाही हात असणार असं मला पक्कं वाटतं.

अडचण एकच, पंखे. माइक नसला की छताचा पंखा हा सगळ्यात मोठा शत्रू. त्याची घरघर नेमकी तानपुऱ्याच्या गाभ्यावर येऊन बसते. म्हणून बैठका सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर घ्यायच्या, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि मध्यंतरात पंखे लावायचे.

बसायची रचना अर्धवर्तुळात. पहिली ओळ ताईंपासून चार फुटांवर, शेवटची पंधरा फुटांच्या आत. गुडघे धरलेल्यांसाठी भिंतीकडेने खुर्च्या. आम्ही आणि श्रोते एकाच जाजमावर, आणि आमच्यावर जेवढा उजेड तेवढाच श्रोत्यांवर. या शेवटच्या मुद्द्यावर अण्णा अडून बसले होते. त्यांना चेहरे दिसले पाहिजेत. मलाही.

30 जून

सतारमेकर गल्लीत दोन्ही तानपुरे जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून तार बोलती करून घेण्यासाठी, दिले होते, ते आणायला गेलो आणि तिथेच रेंगाळलो.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना यंदा भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद गल्लीत अजून आहे. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी वाद्यं बनवायला घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी ते काम देशभर नेलं. भोपळे अजूनही पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वेलीवरच त्यांचा आकार बघून ठेवतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात.

तानपुरे दुरुस्त करणारे चाचा घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर घासत-सुटत कंप पावते आणि एका तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. शेवटची करामत दोऱ्याची. तारेखाली सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवत बरोबर जागा सापडली की तार बोलते. चाचा दोरा सरकवत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चाचा, तारेकडे बघा की." ते म्हणाले, "तार मला ऐकू येते. तुम्हाला कधी पटली ते तोंडावर दिसतं."

आमच्या बैठकीला खरे तानपुरेच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रवासात, रियाजात उपयोगी आहे, माझ्याकडेही आहे. पण त्याचा आवाज एका खोक्यातून, एका दिशेने येतो. दोन खरे तानपुरे गायिकेच्या दोन्ही खांद्यांमागे असले की ती त्यांच्या मधे बसते. आणि तार छेडणारी माणसं असतात. ताईंची धाकटी शिष्या ताई श्वास घेताना नकळत थोडी हळू छेडते. ही गोष्ट यंत्राला सांगता येणार नाही.

14 जुलै

पहिली बैठक झाली. वाड्यातच.

बाहेर संततधार. हवा इतकी दमट की अण्णांच्या तबल्याचा सूर सारखा उतरत होता आणि हातोडी मांडीपाशीच ठेवावी लागली. माझ्या पेटीच्या दोन पट्ट्या फुगून अडकायला लागल्या होत्या, त्या दुपारीच घासून मोकळ्या केल्या. पेटी बिनमाइकची वाजवायची म्हणजे आधी ती कमी करायची. एरवी साथीला खर्ज आणि नर, म्हणजे जाड आणि बारीक सुराची पाती, दोन्ही उघडतो. आज फक्त नर, भाताही निम्माच. छोट्या खोलीत पेटी गळ्यावर सहज चढते, आणि एकदा चढली की गायिका नकळत जोर लावायला लागते. मग सगळं बिघडतं.

ताईंनी मियाँ मल्हार घेतला, विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल. त्यात कोमल गंधार आंदोलित, मध्यमाच्या कणावरून झुलत ऋषभाकडे उतरणारा. पेटीवर तो गंधार वाजवता येत नाही. पट्टी दाबली की सूर जागच्या जागी ठाम उभा राहतो. म्हणून ताई गंधाराकडे निघाल्या की मी बोटं उचलतो आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, षड्जाचा नुसता आधार ठेवतो. मोठ्या सभागृहात हे कुणाला जाणवतही नाही. आज जाणवलं. पेटी मागे सरली आणि खोलीत ताईंचा एकटा गंधार राहिला, तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी दबक्या आवाजात "हं" केलं. वाहवा नव्हे. आपण मनात धरलेली गोष्ट दुसऱ्याने बोलून दाखवल्यावर निघतो, तो हुंकार.

ताईंनी तो ऐकला. मला कळलं, कारण पुढच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीत, त्या पुन्हा त्याच गंधाराकडे आल्या, पण या वेळी खालून, मंद्र निषादावरून फिरून, आणि समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, कितीतरी अलीकडे. समेला अवधी होता म्हणून गंधार लांबवता आला. दोन्ही निषाद शेजारी शेजारी ठेवून त्या वर सरकल्या तेव्हा अख्ख्या खोलीने एकदम श्वास सोडला. मीही सोडला. अण्णांनी ठेका इतका हलका केला की किनारीवरचं बोट तेवढं ऐकू येत होतं.

ताईंचा हा मल्हार मी कितीदा वाजवला आहे. आजची ही जागा त्यात कधी नव्हती. ती त्या गृहस्थांच्या हुंकारातून निघाली. एरवी ही गोष्ट बोलली की लोकांना भावुकपणा वाटतो, म्हणून नेमकं काय झालं ते क्रमाने लिहून ठेवलं.

17 जुलै, आषाढी एकादशी

बैठक नाही. संध्याकाळी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी धरली. माझं पहिलं शिक्षण इथलं. भजनात श्रोता असा वेगळा कुणी नसतोच. बुवा ओळ सोडतात, टाळकरी उचलतात, मागे बसलेल्या आजी वरच्या पट्टीत भर घालतात. पखवाजाचा हात जड पडला की टाळ त्याला सांभाळून घेतात. बैठकीत मी जे शोधतो आहे, ते इथे रोजच्या जेवणासारखं आहे, कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

4 ऑगस्ट

कृष्णेचं पाणी चढल्यापासून सांगलीची बैठक पुढे ढकललेली आहे. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. सांगलीकर हे आकडे पाढ्यांसारखे सांगतो. 2019 च्या महापुरात कितीतरी घरांतल्या पेट्या, तबले, तानपुरे पाण्यात गेले. यजमानांनी आधी माणसं आणि वस्तू वरच्या मजल्यावर हलवावीत, गाणं नंतर.

मधल्या वेळात पेटी उघडून बसलो. पाती स्वच्छ केली, दोन सुरांचं पातं किंचित उतरलं होतं. टोकाकडे हलकंसं खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. हे काम घाईचं नाही. एक जादा खरवड गेली की पातं बदलावं लागतं.

हेच ठरलेले, न हलणारे सूर पेटीच्या मुळावर आले होते. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) धरता येत नाहीत, या कारणांनी आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक त्याआधीच दाखवून गेले होते की पेटी गळ्यामागून चालू शकते, त्याला वाट मोकळी ठेवू शकते. पेटीवाल्याचं निम्मं कौशल्य न वाजवण्यात आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. न वाजवणं मात्र समोरचा माणूस ऐकत असेल तरच जमतं. त्याच्या श्वासाचा अंदाज नसेल तर ती नुसती पोकळी राहते.

25 ऑगस्ट

आजची बैठक एका धर्मशाळेत. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूरकडून पेशंट येतात, आणि त्यांचे नातेवाईक अशा धर्मशाळांत आठवडे काढतात. व्यवस्थापकांना विचारलं तेव्हा ते आधी बिचकले. लोकांना झोप हवी असते, म्हणाले. शेवटी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात एवढी वेळ मिळाली.

जमलेल्यांत निम्मी माणसं कानडी बोलणारी. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. ताईंनी राग सांगितला नाही, बंदिशीचा अर्थ सांगितला नाही. नुसतं म्हणाल्या, "आम्ही तासभर गातो. मधे उठावं लागलं तर उठा, आमचा काही राग नाही."

यमन. दहा-पंधरा मिनिटांत ठेका बसला, आणि ताईंनी ताना सुरू केल्या तोच दारात एक वॉर्डबॉय आला. त्याने एक नाव पुकारलं. पुढच्या ओळीतला एक तरुण, पंचविशीतला असेल, चटकन उठला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या पाठीवर. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की असं नाव पुकारलं जाणं म्हणजे काहीही असू शकतं.

ताईंनी तान अर्ध्यात सोडली. थांबल्या नाहीत, खाली उतरल्या, आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन गंधारावर येऊन राहिल्या. मी तिथेच राहिलो. अण्णांनी लय तीच ठेवून बोल मोकळे केले. कितीतरी आवर्तनं ताई फक्त नि-रे-ग एवढ्याच परिसरात होत्या. तान घेणं त्या वेळी बरोबर नव्हतं, हे आम्हा तिघांनाही एकाच क्षणी कळलं, कारण आम्हाला तो मुलगा दिसत होता आणि त्याच्यामागे बघणारी माणसं दिसत होती. दिव्यांआडच्या काळोखात तो दिसला नसता, आणि ताईंची तान ठरल्याप्रमाणे पुरी झाली असती. संगीताच्या हिशेबाने त्यात काहीच गैर नसतं.

थोड्या वेळाने तो परत आला. औषधाची चिठ्ठी आणायला बोलावलं होतं. शेजारच्या बाईंनी कानडीत काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली, आणि जागा करून घेऊन पुन्हा बसला. मग ताईंनी द्रुत घेतलं. टाळ्या झाल्या नाहीत. उठताना बऱ्याच जणांनी पेटीला, तबल्याला हात लावून तो कपाळाला लावला.

12 सप्टेंबर

गणपतीचे दिवस. मंडळांचे कार्यक्रम, स्पीकरच्या भिंती, भावगीतं आणि अभंगांच्या फर्माइशी. वर्षाचं आर्थिक गणित या दहा दिवसांवर उभं असतं, त्यामुळे प्रकल्प बाजूला. एका मांडवात मॉनिटर चालू नव्हता आणि कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. अण्णांच्या खांद्याची हालचाल बघत सम धरली.

16 ऑक्टोबर, कोजागिरी

सांगलीत गच्चीवर मांडणी केली होती. उघड्यावर बिनमाइकचा आवाज राहत नाही. त्याला परतवायला भिंत नसते, छत नसतं. ताईंनी चार सूर लावले आणि आम्ही जिन्याच्या खोलीला पाठ लावून बसायचं ठरवलं. तिन्ही बाजूंनी श्रोते अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा. चालून गेलं. मसाला दूध मध्यंतरातच द्यावं, गाण्यात पेले वाजतात. यजमान वहिनींनी ते न सांगताच ओळखलं होतं.

27 ऑक्टोबर

आज किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्मृतिदिन. 1937 साली याच दिवशी मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर ते गेले. पाँडिचेरीकडे निघाले होते, वाटेत अस्वस्थ वाटलं म्हणून गाडीतून उतरले. फलाटावर तानपुरा जुळवून घेतला आणि दरबारीत प्रार्थना गायली, असं सांगतात. मिरजेला त्यांना आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली गवई हजेरी लावतात. मोठमोठे कलाकार बिदागीची अपेक्षा न ठेवता येऊन गेले आहेत.

सकाळी दर्ग्यात जाऊन आलो. ताईंची थोरली शिष्या बरोबर होती. तिने विचारलं, खाँसाहेबांचा आवाज इतका बारीक आणि नाजूक, मग बिनमाइकच्या काळात तो पोचायचा कसा? प्रश्न चांगला आहे. किराणा घराण्याची गायकी जोरावर उभी नाही, सूर नेमका लागण्यावर उभी आहे. तानपुऱ्याच्या जवारीत सूर बरोबर मिसळला की तो मोठा न करताही खोलीभर होतो. खाँसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत, जवारीत मुरलेले होते, हा योगायोग नाही. आणि दुसरं, त्यांच्यापुढे बसलेली माणसं ऐकायला शांत होत असणार. हळू आवाज ऐकणाऱ्याला पुढे झुकायला लावतो. आमच्या बैठकांत हे मी दर वेळी बघतो. ताई जितक्या मंद गातात तितकी पाठीमागची ओळ पुढे सरकते.

17 नोव्हेंबर

तासगावजवळ, एका द्राक्षबागायतदारांच्या घरी. वेळ दुपारी साडेतीन, आणि ती मुद्दाम मागून घेतली.

कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे दुपारचे राग समक्ष ऐकायला मिळणं दुर्मिळ झालं आहे. मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती. रेकॉर्डवर ते कधीही ऐकता येतात, पण मुलतानीतला तीव्र मध्यम उन्हं उतरायला लागताना ऐकावा. तो काही वेगळंच सांगतो.

छाटणी उरकून, फवारणीच्या मधल्या फटीत आलेली माणसं. बहुतेकांनी ख्याल समोर बसून कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला मुलं चुळबुळ करत होती. अण्णांनी हातावर एकताल मोजून दाखवला, बारा मात्रा, टाळी कुठे, काल म्हणजे टाळी नसलेली मात्रा कुठे. त्यानंतर पंधरा-वीस हात मांडीवर मोजत होते. ही युक्ती फार मोलाची. सम कुठे येणार हे कळलं की माणूस वाट बघायला लागतो, आणि वाट बघणारा श्रोता समोर असला की गाणाऱ्याला त्याच्याशी खेळता येतं. ताईंनी एकदा समेला हुलकावणी देऊन मुखडा एक आवर्तन लांबवला तर एक पोरगं मोठ्यांदा "अगं!" म्हणालं. घरभर हसू. पुढच्या समेला अख्खी खोली ताईंबरोबर उतरली.

एक आजोबा शेवटी म्हणाले, "कळलं न्हाई समदं, पर कुठं थांबताय ते कळाय लागलं."

16 डिसेंबर

काल रात्रीपासून उलटसुलट बातम्या येत होत्या. तबलावादक झाकीरभाई गेले, हे आज सकाळी त्यांच्या कुटुंबाकडूनच कळलं. सॅन फ्रान्सिस्कोत, वयाच्या 73 व्या वर्षी. अण्णा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी घरी गेलो, म्हटलं, "लेहरा धरतो, वाजवा." त्यांनी मान हलवली आणि तबला काढला.

चंद्रकंसचा लेहरा, तीनताल. सोळा मात्रांची एकच ओळ, पुन्हा पुन्हा, न बदलता. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळ्यात कंटाळवाणं काम वाटेल. माझ्यासाठी साथीतलं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम हेच. तबलजी पेशकारात लय ताणतो, कायद्यात तिला उलटीपालटी करतो, रेल्यात धावतो, आणि लेहरा जागचा हलत नाही. तो कुठेही गेला तरी परत यायला घर जागेवर आहे, एवढंच लेहरेवाला सांगत असतो. पण जागेवर राहायचं म्हणजे बधिर राहायचं नव्हे. अण्णा अवघड तिहाईत (तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तुकड्यात) शिरले की माझं बोट समेवर कणभर अधिक टेकतं. ते त्यांना ऐकू जातं.

झाकीर हुसेन यांना मी पाहिलं ते दुरून, मोठ्या मैदानातल्या गर्दीतून. एवढ्या प्रचंड श्रोतृवर्गापुढे, एवढ्या माइकांमधूनही त्यांची नजर सतत साथीदारावर आणि पुढच्या लोकांवर फिरत असायची. सतार काही करून गेली की ते हसायचे, आणि मैदानातल्या हजारो जणांना कळायचं की आत्ता काहीतरी सुंदर घडलं. हे लिहितोय कारण माझ्या प्रकल्पाला ते एक चोख उत्तर आहे. अंतर असूनही काही माणसं ते पार करतात. तेवढी ताकद आमच्यात नाही, म्हणून आम्ही खोली लहान घेतो.

अण्णांनी रात्री उशिरापर्यंत वाजवलं. त्यांच्या सूनबाई दारात येऊन बसल्या, मग नातू. शेवटची चक्रदार झाली आणि अण्णा नातवाला म्हणाले, "ये, धा वाजव."

12 जानेवारी 2025

पुण्याहून एका स्नेह्यांचा आग्रह: बैठका इंटरनेटवरून थेट दाखवा, परदेशातली मराठी मंडळी बघतील. प्रेमाने म्हणत आहेत. आम्ही तिघांनी बसून विचार केला.

टाळेबंदीत ऑनलाइन साथीचे प्रयोग आम्हीही केले. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. म्हणजे आमच्या खोलीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पंधरा मिलिसेकंदांच्या आत. एवढ्यात कुणाला उशीर जाणवत नाही. इंटरनेटवर तो विलंब कितीतरी पट वाढतो, आणि वर सारखा बदलत राहतो. ठेका आणि गाणं दोन ठिकाणी असेल तर सम दोन ठिकाणी पडते. एकाच खोलीतून नुसतं दाखवायचं असेल तर ही अडचण नाही, हे खरं. पण कॅमेरा आला की दिवे येतात, दिवे आले की समोरची ओळ काळोखात जाते. शिवाय ताईंचं म्हणणं मला फार पटलं. त्या म्हणाल्या, "मी खोलीतल्या माणसाला गाते. कॅमेऱ्याला गायला लागले की मी चुकायला घाबरते, आणि घाबरले की गंधार फिरून येत नाही."

तर नाही. रेकॉर्डिंग फक्त आमच्या अभ्यासापुरतं, कोपऱ्यात एक यंत्र ठेवून. परदेशातल्या मंडळींनी आपल्या दिवाणखान्यात तिथल्याच एखाद्या गाणाऱ्याला बोलवावं, सतरंजी घालावी आणि शेजाऱ्यांना हाक मारावी. न्यू जर्सीत काय, दुबईत काय, गाणारी माणसं आहेतच. त्यांना आम्ही बसायच्या रचनेचं आणि खोली तपासायचं सगळं लिहून पाठवणार आहोत.

2 फेब्रुवारी, वसंतपंचमी

हिशेब. दाराशी पितळी डबा असतो, ज्याला जे वाटेल ते टाकावं. जमलेल्या पैशांचे पाच सारखे वाटे, तानपुऱ्यावरच्या मुलींनाही तेवढेच. त्यावर एका बुजुर्गांनी नाराजी दाखवली. मी ठाम आहे. तानपुरा डळमळला तर आम्ही सगळेच डळमळतो. डब्यातून कुणाचं घर चालणार नाही, ते मोठ्या कार्यक्रमांतूनच चालेल. पण गेल्या दोन मोठ्या कार्यक्रमांत आम्ही संयोजकांकडे एक गोष्ट मागून घेतली: पहिल्या पाच ओळींवरचे दिवे चालू ठेवा आणि मॉनिटरचा आवाज कमी करा. एके ठिकाणी ऐकलं, एके ठिकाणी नाही. जिथे ऐकलं तिथे ताई तिसऱ्या ओळीतल्या एका बाईंकडे बघून गात होत्या. मी ओळखलं.

पुढचं काम. मार्चमध्ये पहाटेची बैठक, सहाला सुरुवात, ललत आणि मग तोडी. जागा वाड्याचीच. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करायचा, दहावीचे पेपर सुरू व्हायच्या आत मुलांसाठी दुपारचा एक तास मागायचा. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी स्वतःहून विचारलंय की पुन्हा कधी, त्यांना पुढच्या रविवारचं कळवायचं. पेटीचा मध्य सप्तकातला तीव्र मध्यम पुन्हा उतरलाय, ललतच्या आधी ते पातं काढून बघायचं. आणि धाकट्या शिष्येला या वेळी तानपुरा सोडून पाच मिनिटं गायला बसवायचं, असं ताई म्हणताहेत. तिला अजून सांगितलेलं नाही.